हौसामावशींच्या ड्रोनचा पल्ला

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी शिकलो ते इलेक्ट्रॉनिक्स. तिथे लिहायचं म्हणजे प्रयोगाचं साहित्य, कृती आणि निष्कर्ष. माणसाबद्दल कसं लिहितात हे मला खरंच ठाऊक नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं ओळखणारी माणसं शिरूरमध्ये आहेत. पण त्यांच्यापैकी कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर करतो. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

हौसामावशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आकाशाकडे तोंड करून मेंढरं बोलावत होत्या. कॉलेजात प्रवेश घेऊन मी खोली शोधत फिरत होतो. एस. टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत एका फोटो स्टुडिओच्या दारावर खोली भाड्याने देण्याची पाटी दिसली. खाली कुणी नव्हतं, म्हणून जिन्याने वर गेलो. गच्चीवर पन्नाशी ओलांडलेली, उंच, काटक बाई उभी होती. डोक्यावर पदर, पदराच्या वरून गळ्यात रिमोटचा पट्टा. जीभ टाळ्याला लावून त्या वर बघत ओरडत होत्या, "ट्रर्र, ट्रर्र, ये ये ये!" मीही वर पाहिलं. एक लहानसा ड्रोन भुणभुणत आला आणि त्यांच्या पायाशी उतरला.

"आलं बया माझं कोकरू," असं म्हणत त्यांनी तो पदराने पुसला. मग माझ्याकडे वळल्या. "काय रं? खोली बघायला आलास का माझं त्वांड बघायला?"

त्याच दिवशी मी राहायला आलो. आमचं घर दौंड तालुक्यात, पाटसला. वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला. शिरूरमध्ये मला ओळखणारं कुणी नव्हतं. मावशींनी माझं नाव विचारलं, ते दोनतीनदा घोळवून पाहिलं आणि शेवटी मला 'इंजिनेर' म्हणायचं ठरवलं. मी इंजिनिअरिंगला नाही हे मी पुष्कळदा सांगितलं. "व्हशील की," एवढंच त्या म्हणाल्या.

मावशी धनगराच्या घरातल्या. लग्न होईपर्यंत वडिलांच्या आणि भावाच्या मागोमाग मेंढरांसोबत चालल्या होत्या. नवरा शिरूरचा, फोटोग्राफर. त्यांच्याकडून आधी पासपोर्ट फोटो कापायला शिकल्या, मग कॅमेरा हातात घेतला. ते गेल्यावर लोक म्हणाले, स्टुडिओ आता बंद पडणार. मावशींनी शटर रोजच्यासारखं उघडलं. पुढे लग्नवाले ड्रोन मागायला लागले तेव्हा त्यांनी ड्रोन घेतला आणि चार दिवस गच्चीवर घालवून तो शिकून घेतला.

ड्रोनला हाक मारायची गरज नसते, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. सिग्नल तुटला की तो आपोआप निघालेल्या जागी परत येतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हाक मारल्यावर आजवर एकदा तरी यायचं ऱ्हायलंय का?"

"नाही."

"मग झालं की. चाललंय ते कशापायी मोडायचं?"

त्यांचं काम बघत बसायला मला आवडायचं. नवं जोडपं कॅमेऱ्यासमोर अवघडून बसलं की फोटोग्राफर 'स्माइल' म्हणतात. मावशी म्हणायच्या, "हसू नगा. निस्तं बरं वाटून घ्या." आणि खरोखर त्या दोघांचे खांदे खाली यायचे. म्हातारी माणसं कुठल्या ना कुठल्या कागदासाठी फोटो काढायला येत. त्यांचा लहान फोटो झाला की मावशी त्यांना उठू द्यायच्या नाहीत. फेटा नीट करायला लावायच्या, खुर्ची खिडकीजवळ घ्यायच्या आणि एक मोठा फोटो काढायच्या. "ह्यो माझ्यासाठी," म्हणायच्या. असे फोटो त्या घरी पोचवून द्यायच्या, पुष्कळदा ते माणूस गेल्यावर.

असं का करता, हे मी एकदा विचारलं. त्या कात्रीने फोटोच्या कडा कापत होत्या. कात्री न थांबवता म्हणाल्या, "आख्ख्या तालुक्याची लग्नं माझ्या घरात हायती. माझ्या आबाचा एक फोटू न्हाई. मेंढरांमागं फिरणाऱ्याला कोन म्हनतंय, जरा थांब, फोटू काढते? कुणी बी न्हाई. मी बी कवा म्हनले न्हाई."

त्यांचे थोरले भाऊ बिरूमामा अजून कळप राखून होते. पावसाळ्यात घोडनदीच्या पलीकडच्या माळावर, दिवाळी झाली की कोकणाच्या वाटेला. दरवर्षी ते नदी उतरून शिरूरवरून जायचे आणि दरवर्षी नेमक्या त्याच दिवसांत मावशी कुठल्यातरी मांडवात असायच्या. माझ्या दुसऱ्या वर्षी श्रावणात बिरूमामा स्टुडिओत आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, खुर्ची दिली तरी जमिनीवरच बसले. म्हणाले, "हौशे, औंदा कोकणात जायाचं न्हाई. गुडघं ऱ्हायलं न्हाईत. पोरगं म्हनतंय इकून टाका. मार्गशीर्षात बाजाराला आनतो समदी."

मावशींनी हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाल्या, "दादा, ज्या दिशी नदी उतरशील त्या दिशी मी येनार. वरनं काढनार समदा कळप."

"त्या भुणभुण्यानं मेंढरं उधळतील. एक पळालं की समदी पळत्यात, तुला सांगाया पायजे व्हय?"

"लई वरनं काढते. लई लांबनं. त्यास्नी आवाजसुदिक जानार न्हाई."

त्या दिवसापासून मावशींनी मार्गशीर्षातल्या तारखांना लग्नाची एकही सुपारी घेतली नाही. ऐन लग्नसराईत. आपल्या वडिलांचा, आबाचा कळप, जो आता शेवटचा चालणार होता, तो एकदा डोळे भरून वरून बघायचा आणि जपून ठेवायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. लहानपणी कळपाच्या मागे चालताना त्यांना फक्त धूळ आणि शेवटच्या रांगेची ढुंगणं दिसायची, असं त्याच म्हणायच्या.

पण दसऱ्यानंतर ड्रोनचा पल्ला एकाएकी कमी झाला. आधी तो गच्चीवरून निघाला की पाण्याच्या टाकीला वळसा घालून आरामात यायचा. आता मार्केट यार्डाच्या भिंतीपर्यंत गेला की पडद्यावरचं चित्र थबकायचं, सिग्नल तुटल्याची सूचना यायची आणि ड्रोन माघारी. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच लग्नात घोटाळा झाला. वरातीवरून फिरता फिरता ड्रोन मध्येच वळला आणि मावशींच्या पायाशी येऊन बसला. नवरदेवाचे एक चुलते मिशीला पीळ देत म्हणाले, "काय बाई, तुमचं इमान भ्यालं व्हय आमच्या बँडला?"

"भ्यालं न्हाई पावनं," मावशी म्हणाल्या, "तुमाला नाचताना बघून लाजलं."

सगळी वरात हसली, चुलतेही हसले. पण घरी येऊन मावशींनी ड्रोनची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "इंजिनेर, आता तू काय करतोस ते कर."

मी घाबरलो. वर्गात शिकलेली लहरींची सूत्रं मला पाठ होती, पण सूत्रं पाठ असणं आणि एका माणसाचं काम आपल्यावर असणं यात फार फरक आहे. तरी वाचलं, व्हिडिओ बघितले. पहिली चूक मला सापडली तेव्हा आनंद झाला. मावशी रिमोटचे दोन्ही अँटेना ड्रोनवर रोखायच्या, लांबच्या मेंढराकडे काठी रोखावी तसे. खरं तर अँटेनाच्या टोकातून सिग्नल सर्वांत कमी जातो. त्याची आडवी बाजू ड्रोनकडे असावी लागते. हे मी भीतभीत सांगितलं. त्यांनी करून पाहिलं. ड्रोन मार्केट यार्डाची भिंत ओलांडून थोडा पुढे गेला आणि पुन्हा फिरला.

मग मी लाडवांच्या खोक्यातला चंदेरी कागद पुठ्ठ्यावर चिकटवून, तो वाकवून अँटेनामागे लावला, म्हणजे सगळा सिग्नल पुढे ढकलला जाईल. मावशींनी ते बघून कपाळाला हात लावला. "आता लाडू बी खायाला घालतोस का त्याला?" फरक पडला, पण नदीच्या पल्याड जाण्याइतका नाही. मोकळी जागा, उंच जागा, दुसरी फ्रीक्वेन्सी, सगळं करून झालं. दर वेळी ड्रोन नदीच्या मध्यावर जाऊन परतायचा आणि काठावर उभ्या राहून मावशी "ट्रर्र, ट्रर्र" करायच्या, पण त्या हाकेत आता जोर नव्हता.

शेवटी मी रिमोटचा फोटो काढून आमच्या कॉलेजच्या सरांना पाठवला. अँटेना आतून तुटला असेल का, असं विचारलं. सरांचं उत्तर लगेच आलं: "अँटेनाला हार कुणी घातलाय?"

तो हार रोज माझ्या डोळ्यांसमोर होता. खरं तर हार नव्हे, जरीचा गोंडा. खंडेनवमीला आपल्याकडे कामाच्या हत्यारांची पूजा होते. मावशींच्या सासूबाईंचा शालू फाटला तेव्हा मावशींच्या मालकांनी त्याच्या काठाची जर सोडवून गोंडा वळला होता, आणि दर खंडेनवमीला तो ते कॅमेऱ्याला बांधायचे. ते गेल्यावर मावशी बांधायच्या. त्या वर्षी कॅमेऱ्यापेक्षा ड्रोनचंच काम जास्त झालं, म्हणून मानाचा गोंडा त्यांनी रिमोटला बांधला. नीट बसावा म्हणून त्याचे पदर दोन्ही अँटेनांभोवती गच्च गुंडाळले. पल्ला कमी झाल्यावर दृष्ट लागली असं वाटून त्यांनी आणखी दोन वेढे दिले होते. जुन्या शालूची खरी जर म्हणजे चांदीची बारीक तार. अँटेनाभोवती धातूची तार गुंडाळली तर काय होतं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पण त्या गोंड्याकडे मी कधी तार म्हणून पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी त्या चहा गाळत असताना मी सांगितलं. त्यांनी गाळणी खाली ठेवली.

"इतकी वर्सं कॅमेऱ्याला व्हता. तवा कवा काय झालं न्हाई."

"कॅमेऱ्याला लांब कुणाशी बोलायचं नसतं, मावशी. रिमोटला बोलावं लागतं. ती तार त्याचा आवाज तिथंच धरून ठेवते."

"म्हंजी मालकांनी वळलेला गोंडा माझ्या कामात आडवा येतो, आसं म्हनतोस?"

त्यांनी रिमोट जवळ ओढून गोंड्याचे पदर एकेक करून नीट बसवले आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. जेवढं जातंय तेवढं जाऊ दे. त्यांनी वळलाय. पुढच्या खंडेनवमीपतुर सोडायचा नसतो."

चहा गार झाला होता. त्यांनी तो तसाच प्यायला.

मार्गशीर्षात बिरूमामांचा सांगावा आला आणि आम्ही सकाळी उजाडतानाच नदीवर गेलो. घोडनदीला त्या जागी उतार आहे, पाणी गुडघाभर. थंडी होती, पाण्यावर धुकं होतं. पलीकडच्या माळावर आधी कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं, मग मेंढरांचा तो एकसारखा आवाज, आणि मग टेकाडावरून कळप खाली सांडायला लागला. मावशींनी ड्रोन सोडला. तो पाण्यावर गेला, मध्यावर पोचला. पडद्यावर टेकाडाची कड दिसली, पहिली चार मेंढरं दिसली आणि चित्र थबकलं.

ड्रोन माघारी येऊन उतरला. त्यांनी पुन्हा सोडला. पुन्हा तेच. पलीकडे कळप निम्मा उतरला होता. बिरूमामांचा पांढरा फेटा दिसत होता. मेंढरं पाण्याच्या कडेला आली की ती थांबत नाहीत. पुढची उतरली की मागची उतरतातच. एकदा ती या काठावर आली की रस्ता, वाहनं आणि बाजार. तिथे पसरलेला कळप कुठून दिसणार?

"दुसरी बॅटरी घाल," त्या म्हणाल्या. ती शेवटची होती. मी घातली. त्यांनी रिमोट हातात घेतला आणि तशाच उभ्या राहिल्या. पलीकडून बिरूमामांची हाक आली, "ट्रर्र, ट्रर्र," अगदी मावशींच्या हाकेसारखी. मावशींनी तिकडे पाहिलं. मग खाली बसून नखांनी गोंड्याची गाठ उकलायला लागल्या. गाठ पक्की होती. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "तू नगं. ही माझी मी सोडते." दात लावून त्यांनी गाठ सोडली, एकेक वेढा काढला आणि गोंडा माझ्या हातात दिला. "भुईवर ठेवू नगंस."

अँटेना उघडे झाले. त्यांनी मी शिकवल्याप्रमाणे त्यांची आडवी बाजू नदीकडे केली. ड्रोन उठला, खूप वर गेला, इतका की त्याचा आवाज आम्हालाही येईना. पाण्याचा मध्य आला. चित्र थबकलं नाही. पलीकडचा काठ आला, टेकाड आलं, आणि खाली आख्खा कळप दिसला.

तो कसा दिसत होता ते मला नीट सांगता येणार नाही. मेंढरं सुटी दिसत नव्हती. काहीतरी एकच मोठं, पांढरं, काळ्या ठिपक्यांचं अंग हळूहळू उतारावरून सरकत होतं. ते पुढे निमुळतं झालं, पाण्यात शिरलं, पाण्यात लांबलं आणि या काठावर पुन्हा रुंद झालं. मागे एक पांढरा ठिपका होता. एकाही मेंढराने मान वर केली नाही. मावशींचा अंगठा रिमोटच्या काडीवर जराही हलत नव्हता. त्या फक्त बघत होत्या आणि हळू आवाजात नावं घेत होत्या: ही अमक्या मेंढीची जात, हा लंगडा कुणाच्या पोटचा. इतक्या उंचावरून त्यांना हे कसं ओळखू येत होतं, की त्या आपल्या लहानपणचीच मेंढरं बघत होत्या, हे मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी, मेंढरांचा व्यवहार होऊन गेल्यावर, बिरूमामा स्टुडिओत आले. मावशींनी मोठ्या पडद्यावर चित्र लावलं. ते या वेळीही जमिनीवरच बसले. सबंध चित्र संपेपर्यंत त्यांनी काठीवरची हनुवटी उचलली नाही.

"ते मागचं ल्हान ल्हान काय हाय?"

"तू हायस, दादा."

"मी?" ते पडद्याजवळ गेले. "आन् आबा हितंच आसायचा की. माझ्या मोहरं दोन पावलं." त्यांनी त्या ठिपक्याच्या थोडं पुढे, नुसत्या मातीवर बोट ठेवलं. मावशींनी चित्र तिथेच थांबवलं आणि कितीतरी वेळ थांबवून ठेवलं. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो.

गोंडा मावशींनी पुन्हा मालकांच्या जुन्या कॅमेऱ्याला बांधला. त्यानंतर त्यांचा ड्रोन पाण्याच्या टाकीच्याही पुढे जायला लागला. मला त्या चारचौघांत सांगायच्या, "आमच्या इंजिनेरनं केला." मी नाही म्हणालो की रागवायच्या. "एवढी नदी पार करून दिलीस, आन् न्हाई म्हनतोस?"

शेवटची परीक्षा देऊन मी पाटसला आलो. निघताना त्यांनी मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. मला हसू येत नव्हतं. "हसू नगंस," त्या म्हणाल्या, "निस्तं बरं वाटून घे." तो फोटो नंतर पाठवते म्हणाल्या होत्या. उन्हाळ्यात एकदोनदा फोन झाला. त्यांना धाप लागत होती, पण विचारलं की विषय बदलायच्या. पुढे त्यांचा फोन लागेना. नंबर बदलला असेल असं मी समजलो. दौंडला एका दुकानात मला काम लागलं, त्यात दिवस गेले.

परवा कामावरून घरी आलो तर ओसरीवर बिरूमामा बसले होते. जमिनीवर. आईने दिलेला चहा तसाच पुढे होता. शिरूरहून निघून, एस. टी. बदलत, पाटसला कारखान्याच्या दारात मावशींकडून ऐकलेलं माझ्या वडिलांचं नाव विचारत विचारत ते आले होते. वडील हंगामी, आणि हंगाम बंद. नाव सांगितलं तरी घर सांगणारा लवकर भेटेना. मला बघून ते उठले. गुडघ्यांमुळे त्यांना उठायला वेळ लागला.

"हौसा गेली," ते म्हणाले. "म्हयना झाला."

मी एवढंच विचारलं, की मामा, एवढ्या लांब कशाला आलात, कुणाकडून तरी फोन करवायचा होता.

"नंबर व्हता तिच्या मोबाइलात," ते म्हणाले. "पर फोन बाकीच्या गावाला करत्यात. घरच्या मानसाला सांगावा घिऊन जावं लागतं. तुझं घर ठावं नव्हतं म्हून उशीर झाला, न्हाईतर तिसऱ्या दिसाच्या आत आलो आसतो."